गोदेची अंडी

"चला, या निमित्ताने तरी तुझ्या घरात पाळणा हलेल," अरुणाताई म्हणाल्या आणि सुलक्षणाच्या कपाळाला कुंकू टेकवून पुढच्या बाईकडे वळल्यासुद्धा. कार्डिफच्या उत्तरेकडच्या एका चर्चच्या हॉलमध्ये जानेवारीतल्या शेवटच्या शनिवारी मंडळाचं हळदीकुंकू चाललं होतं. रेडिएटर नुसते कोमट होते, त्यामुळे बायकांनी काळ्या साड्यांवर कार्डिगन चढवली होती, आणि प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या गोलातून अरुणाताई हातात करंडा घेऊन एकेकीपुढे थांबत चालल्या होत्या. सुलक्षणा हसली. अशा वेळी हसायची तिला वीस वर्षांची सवय होती, ओठ आपोआप जागेवर जातात. शेजारच्या दोघी एकदम आपापल्या पर्समध्ये काहीतरी शोधायला लागल्या. वाईट हे, की तो टोमणा नव्हता. टोमणा असता तर तिनं तो तिथल्या तिथे परतवला असता, तेवढी जीभ तिलाही आहे. पण अरुणाताई ते मायेनं म्हणाल्या होत्या, आवाज खाली आणून, आजाऱ्याच्या उशाशी बोलतात तसं. या बाईंनी पस्तीस वर्षांपूर्वी या गावात पाऊल ठेवलं, नवऱ्याच्या दवाखान्याचा फोन सांभाळला, नव्यानं आलेल्या प्रत्येक डॉक्टरच्या बायकोला कुठल्या दुकानात कढीपत्ता मिळतो ते सांगितलं. त्यांच्या मायेशी भांडायचं म्हणजे आपणच वाईट ठरायचं. निमित्त कुठलं, तर सुलक्षणाच्या घरातली सापीण, गोदा. उद्या सकाळी अकरा वाजता न्यूपोर्टहून गेथिन नावाचा एक मनुष्य आपला नर साप घेऊन येणार होता, आणि जमलं तर उन्हाळ्यापर्यंत तिच्या घरात सापाची अंडी असणार होती.

जाताना अरुणाताईंच्या मुलीनं, तनूनं, तिला दारात गाठलं. तनू इथेच जन्मलेली, दातांच्या दवाखान्यात नर्स, मराठी बोलताना नेहमी जरा पाण्यात पाय टाकून बघते. "काकू, मला तुमचा स्नेक बघायची आहे. पण बेबीज झाले की तुम्ही विकणार? आय मीन, लोक नंतर त्याला डम्प करतात ना?" सुलक्षणा म्हणाली, "करतात." "देन व्हाय?" तनूनं विचारलं. उद्धटपणा नव्हता त्यात, तिला खरंच हवं होतं उत्तर. तेवढ्यात आतून अरुणाताईंची हाक आली, "तनू, काकूंना उगीच त्रास देऊ नकोस गं," आणि तनू खांदे उडवून आत गेली. अख्ख्या दुपारी विचारण्यासारखा प्रश्न एकट्या त्या पोरीनं विचारला आणि तिलाच गप्प केलं, हे सुलक्षणाला गाडीचं दार उघडताना चांगलंच झोंबलं.

गाडीत बसल्यावर मात्र दुसरीच गोष्ट टोचायला लागली. अरुणाताईंना कळलं कुणाकडून? तिनं तर कुणालाच सांगितलं नव्हतं. साप आहे हे मंडळात सगळ्यांना ठाऊक होतं, आठ वर्षं झाली त्याला. सुरुवातीला लोक घरी जेवायला यायला का-कू करायचे, मग एकेक जण दार किलकिलं करून बघून गेला, मग तोही विषय शिळा झाला. पण उद्याचं ठाऊक होतं ते गिरीशला. गिरीश, तिचा नवरा, छातीच्या विकारांचा डॉक्टर, रविवारी मंडळातल्या पुरुषांबरोबर बॅडमिंटन खेळणारा. बॅडमिंटननंतर कॉफी पिताना तो काय म्हणाला असेल ते तिला शब्दन् शब्द ऐकू आलं. सिग्नल लाल होता, काचेवर भुरभुर चालली होती. तिनं फोन काढला आणि गेथिनला लिहिलं, उद्या येऊ नकोस, सॉरी, नंतर सांगते. आणि पाठवायच्या बटणावर अंगठा ठेवून ती तशीच बसली. मागच्यानं हॉर्न दिला. आज नाही म्हटलं तर ते का म्हटलं? अरुणाताई तसं म्हणाल्या म्हणून. म्हणजे मग निर्णय अरुणाताईंचा झाला. आणि उद्या गेथिन आलाच, अंडी झालीच, तर तीही अरुणाताईंची झाली, त्यांनी आधीच त्यांचं बारसं करून ठेवलंय. बाईंनी एका वाक्यात दोन्ही दारांना आपली कडी लावली होती. सुलक्षणानं संदेश खोडला नाही, पाठवलाही नाही. फोन शेजारच्या सीटवर टाकला आणि गिअर टाकताना एक शिवी दिली, आईनं ऐकली असती तर तोंडावर हात ठेवला असता अशी.

त्र्यंबकेश्वर. नको म्हटलं तरी तेच आठवणार होतं, तर आठवू दे. लग्नाला आठ वर्षं झाली होती, कार्डिफला येऊन पाच, आणि सिन्नरच्या सासूबाईंनी कुणाला तरी पत्रिका दाखवली होती. घराण्यात कुणीतरी साप मारलाय, म्हणून वंश खुंटला. मग शोधाशोध झाली, आणि सापडला मारणारा. गिरीशच्या पणजोबांनी खळ्यावर एक धामण मारली होती म्हणे, काठीनं, सगळ्यांच्या देखत. नारायण नागबळी करायला हवा. तीन दिवस, पांढरी वस्त्रं, कांदा-लसूण वर्ज्य. तिकिटं काढून झाल्यावर गिरीशनं तिला सांगितलं, "आईच्या समाधानासाठी गं. आपलं काय जातंय?" तिचं काय जात होतं ते तिला तेव्हा नीट सांगता आलं नाही. डिसेंबरातल्या पहाटे कुशावर्तात बुडी मारून ती ओलेती उभी राहिली तेव्हा दात वाजत होते, आणि आजूबाजूला तिच्यासारख्याच कितीतरी जोड्या, सगळ्या बायका खाली मान घातलेल्या. गुरुजींनी कणकेचा नाग केला. तिला त्यांनी नुसता हात लावायला सांगितलं होतं, पण कणीक जरा कोरडी झाली होती, शेपूट तुटत होतं, तर तिनं आपलं पाण्याचं बोट लावून ते नीट वळून दिलं. भाकऱ्या-पोळ्यांचा हात, राहवलं नाही. गुरुजी म्हणाले, असू द्या, जाळायचाच आहे. मग तो जाळला. रीतसर, माणसाला देतात तसा अग्नी, आणि वर एक दिवसाचं सुतक. लॉजवर बाजेवर बसून तिला एकाएकी रडू फुटलं आणि गिरीशनं तिला जवळ घेतलं, म्हणाला, होईल गं, सगळं होईल. त्याला वाटलं मुलासाठी रडतेय. ती त्या सापासाठी रडत होती. निदान सुरुवात तरी तिथून झाली होती. नंतर वाचनात आलं, धामण बिनविषारी, खळ्यावर येते ती उंदीर खायला. म्हणजे पणजोबांनी मारला तो आपल्याच धान्याचा राखणदार. ज्यानं मारला तो हातपाय धुऊन जेवायला बसला असेल, आणि सुतक पाळायचं तीन पिढ्यांनंतर ठाण्याहून या घरात आलेल्या मुलीनं.

आणि मूल तिला नको होतं. हे इतकं साधं होतं, की कुणाला सुचलंच नाही. कटुता नव्हती, भीती नव्हती, लहानपणी काही झालेलं नव्हतं. भावाच्या मुलांना ती मांडीवर घ्यायची, त्यांची नाकं पुसायची, आणि परत देताना तिला कधी काही तुटल्यासारखं वाटलं नाही. काहींना समुद्र आवडत नाही, काहींना मूल नको असतं. पण हे सासरी सांगायचं तर तोंड उघडावं लागलं असतं, आणि तिनं पाहिलं की तोंड न उघडताही काम भागतंय. होत नव्हतंच. तपासण्यांमध्ये दोघांचंही ठीक निघालं, डॉक्टर म्हणाले, कारण सापडत नाही, वाट पाहा. ती निवांत वाट पाहत राहिली. दर महिन्याला गिरीशचा चेहरा जरासा उतरायचा, तो भाजी जास्त मन लावून चिरायचा, आणि तिच्या आत एक हलकं हलकं वाटायचं, ते ती चादरी बदलताना, दूध आणताना, कुठेतरी लपवायची. त्या हलकेपणाची तिला लाज वाटावी अशी सगळ्यांनी व्यवस्था केली होती. आज सत्तेचाळिसाव्या वर्षी, गाडी घराच्या रस्त्याला वळवताना, तिला त्याची लाज वाटली नाही. रागच आला, आणि राग आला याचं बरंही वाटलं.

ती ऑडिओलॉजिस्ट होती, लोकांचे कान तपासायची. बंद खोलीत माणसाला हेडफोन लावून बसवायचं, हातात बटण द्यायचं, आवाज ऐकू आला की दाबा. काही माणसं आवाज नसतानाच बटण दाबतात. खोटं बोलत नाहीत ती. शांतता फार लांबली की त्यांना वाटतं, आतापर्यंत काहीतरी वाजलं असणार, आपल्याकडूनच सुटलं, आणि ती दाबतात. तिच्या संसाराच्या शांततेत अरुणाताईंनी असंच बटण दाबलं होतं, सासूबाईंनी आयुष्यभर दाबलं. दुःख ऐकू येतंय, ऐकू येतंय. हॉस्पिटलात अशा वेळी ती माणसाला हळूच सांगते, घाई नको, खरंच ऐकलंत तरच दाबा. घरी कधी सांगितलं नाही.

गिरीश स्वयंपाकघरात कांदा चिरत होता. "कसं झालं? वाण काय मिळालं?" त्यानं विचारलं. सुलक्षणा म्हणाली, "तू अरुणाताईंना गोदेबद्दल सांगितलंस?" सुरी थांबली. "त्यांना नाही, त्यांच्या मिस्टरांना. सहजच निघालं गं. का, काही म्हणाल्या?" "पाळणा हलेल म्हणाल्या." गिरीशनं डोळे मिचकावले, कांद्यामुळेही असेल. "बोलतात त्या. मनाला लावून घेऊ नकोस," तो म्हणाला, आणि मग हात पुसत, अगदी मवाळ आवाजात, "पण तू कर ना, सुलू. खरंच कर. तुला बरं वाटेल." ती पायऱ्यांच्या कठड्याला धरून उभी होती. तुला बरं वाटेल. बावीस वर्षं एका छताखाली राहिलेला माणूस, तिला चहात किती साखर लागते, कुठल्या कुशीवर झोप लागते, सगळं बिनचूक ठाऊक असलेला, त्यानंही बटण दाबलं. अरुणाताईंनी केलं ते काहीच नव्हतं. वाक्य त्यांचं असेल, ते गेलं होतं या घरातून, याच कोमट मायेत बुडवून. "मी वर आहे," ती म्हणाली आणि चपला हातात घेऊन वर गेली.

वरची मागची छोटी खोली गोदेची. रॉयल पायथन, आफ्रिकेतला छोटा अजगर, हाताच्या मनगटाएवढा जाड, अंगावर काळ्या-तपकिरी ढगांची नक्षी. घाबरला की डोकं मध्ये घेऊन स्वतःचा चेंडू करतो, इतका भित्रा. गोदा तिच्याकडे आली ती हॉस्पिटलातल्या एका बाईनं लंडनला जाताना देऊन टाकली म्हणून, आणि सुलक्षणानं घेतली ती काचेपलीकडून तिच्याकडे बघताना पहिल्यांदा आपल्याकडे कुणी काही मागत नाही असं वाटलं म्हणून. नाव तिनं ठेवलं, का ठेवलं ते कुणाला सांगितलं नाही. आत्ता ती दार सरकवून आत हात घालून उभी राहिली आणि गोदा हळूहळू, एकेक इंच विचार करत, बाहीवर चढली. थंडगार नसतात साप, लोकांना वाटतं तसे. दिव्याखालची ऊब त्यांच्या अंगात असते आणि कातडीखाली एक सलग स्नायू पुढे सरकत असतो, घाई नसलेला. प्रेम करते का ती? नाही. ओळखते का? वासानं थोडंसं, कदाचित. सुलक्षणाला हेच आवडायचं. या जनावराला तिच्याकडून काही भरून काढायचं नव्हतं आणि त्याच्याकडून तिलाही नाही. हिवाळ्यात गोदा खाणं सोडायची, अस्वस्थ होऊन काचेला नाक घासत फिरायची. गेल्या वर्षी गेथिननं तिला बोटांनी चाचपून पाहिलं आणि म्हणाला, हिच्या पोटात बीजं धरतात आणि विरघळून जातात, तब्येत उत्तम आहे, वजन भरपूर आहे, तुझी इच्छा असेल तर विचार कर. इच्छा. हा शब्द तिला कुणी याआधी या कामासाठी विचारला नव्हता.

आणि तिची इच्छा होती. हे तर खरं होतं ना? बाजूला कर अरुणाताईंना, गिरीशला, सासूबाईंच्या फोटोला. उरतं काय? उरतं हे, की अंड्यांभोवती वेटोळं घालून, काही न खाता, दोन महिने तशीच बसणारी गोदा तिला बघायची होती. अंड्याचं चामडं आतून चिरून बाहेर आलेलं नखाएवढं डोकं बघायचं होतं. का? हवं होतं म्हणून. एखाद्याला डोंगर चढायचा असतो तर त्याच्या आयुष्यात काय कमी पडलं असं कुणी विचारत नाही. पण मग दुसऱ्या बाजूनं तनू येऊन उभी राहिली. देन व्हाय? त्या पोरीला चुकवता येत नव्हतं. गेथिन न्यूपोर्टच्या शाळेत केमिस्ट्री शिकवायचा आणि वीस वर्षं साप वाढवायचा. त्याची पद्धत अशी होती, की पिल्लू न्यायला आलेल्या माणसाला तो आधी घरी बोलवायचा, चहा पाजायचा, तासभर प्रश्न विचारायचा. हा तीस वर्षं जगेल, तुझं लग्न होईल, घर बदलेल, तेव्हा काय? सगळं पटलं तरच द्यायचा. डोकं डळमळणारे साप तो वाढवायचा नाही, नक्षी सुंदर येते म्हणून बाजारात त्यांना मागणी आहे आणि बिचाऱ्यांना नीट सरळ राहता येत नाही, त्याला ते पाप वाटायचं. आणि तरीही गेल्या शरद ऋतूत बॅरीच्या बाजूला, सुलक्षणा रविवारी जिथे मदतीला जाते त्या सोडलेल्या सापांच्या निवाऱ्यात, कुणीतरी फाटकाला सुपरमार्केटची पिशवी अडकवून गेलं. आत उशीचा अभ्रा, अभ्र्यात एक नर, थंडीनं काठी झालेला, डोळ्यांवर जुन्या कातीचे थर. गेथिन बघायला आला. बराच वेळ त्याच्या मानेवरच्या खुणेकडे बघत राहिला आणि म्हणाला, माझा आहे. चहा पिऊन गेलेल्या मुलाला दिलेला. सगळी उत्तरं बरोबर दिली होती त्यानं.

त्या दिवसापासून गेथिनचं सूत्र बदललं. कुणी नेणार नाही असं धरून चाल, तो म्हणायचा. जेवढी तू स्वतः मरेपर्यंत सांभाळशील तेवढीच उबव. बाकीची अंडी पहिल्याच दिवशी फ्रीजरमध्ये. पहिल्याच दिवशी, तेव्हा आत नुसता एक ठिपका असतो, त्याला काही कळत नाही. उशीर केलास तर ती क्रूरता. आणि मग तो तिच्याकडे न बघता म्हणाला होता, पुष्कळांच्यानं नाही होत ते. तेव्हा तिनं विषय बदलला होता. मनातल्या मनात ती हिशोब बसवत आली होती, की गोदेला साधारण सहा अंडी होतील, दोन आपल्याकडे राहतील, चारांना चांगली घरं मिळतील, आपण गेथिनपेक्षा जास्त प्रश्न विचारू. बाईमाणसाला फसवणं तेवढं सोपं नाही, वगैरे. आत्ता बाहीवर गोदेचं वजन झेलत तिला स्वतःचीच चीड आली. कुणाला फसवत होतीस? चांगली घरं. ती अभ्र्यातली काठी चांगल्या घरातूनच आली होती. मग काहीच नको? तेही प्रामाणिक झालं असतं, आणि एक क्षण ते फार मोहाचं वाटलं, स्वच्छ, हात न लागलेलं. पण ते नको नव्हतं तिला. नको असताना तिनं बावीस वर्षं होय-होय केलं होतं, आता हवं असताना नको-नको करून ती कुणाची परतफेड करणार होती? तिनं खोलीभर नजर फिरवली. गोदेच्या काचघराशेजारची भिंत मोकळी होती. तिथे दोन बसतील. ऐंशीच्या घरात पोचेपर्यंत दोघांचं करणं जमेल, हात चालले तर. तीन नाही जमणार. सहा तर नाहीच. म्हणजे दोन, आणि बाकीची ज्या दिवशी येतील त्या दिवशी, तिच्याच हातानं. फ्रीजरचा वरचा कप्पा तिच्या डोळ्यांपुढे आला. तिनं तो हटवला नाही, आणि बघत राहिली की तो आपणहून जातो का. गेला नाही. पण त्यानं निर्णयही बदलला नाही. मग तिनं गोदेला अलगद परत ठेवलं, खाली येऊन मुकाट जेवली, आणि फोनवरचा तो अर्धवट संदेश खोडून टाकला.

रविवारी सकाळी गिरीशनं पोहे केले. बॅडमिंटनला गेला नाही. गेथिन यायचा म्हणून त्यानं शर्टही बरा घातला होता. तो खरोखर चांगला माणूस होता आणि ती आता त्याला दुखावणार होती. "मी काल एक वाचत होतो," तो म्हणाला, "इन्क्युबेटर स्टडीत ठेवूया का? तिथे टेम्परेचर स्टेबल असतं. आणि पिल्लं द्यायची झाली तर मी सुद्धा इंटरव्ह्यू घेईन लोकांचे. कन्सल्टंट बघून घाबरतील जरा."

"द्यायची नाहीत कुणाला," सुलक्षणा म्हणाली. "दोन ठेवायची. बाकीची अंडी त्याच दिवशी फ्रीज करायची."

त्याला आधी कळलंच नाही. "फ्रीज म्हणजे? नंतर उबवायला?"

"नाही. मारायला."

गिरीशनं चमचा बशीत ठेवला. "सुलू, आर यू सीरियस? उरलेली अंडी तू फ्रीजरमध्ये टाकशील? तू?"

"मी."

"तुला नाही जमणार ते. मी ओळखतो तुला. तू त्या दिवशी त्र्यंबकेश्वरला पिठाच्या सापासाठी रडलीस."

तिला हे अपेक्षित नव्हतं. म्हणजे त्याला ठाऊक होतं. कशासाठी रडत होती ते त्यानं तेव्हाच पाहिलं होतं, आणि तरी होईल गं म्हणाला होता. गेली कित्येक वर्षं तिला वाटत होतं की त्याला ऐकू आलं नाही. "तुला कळलं होतं?" तिनं विचारलं.

"थोडंसं," गिरीश म्हणाला. तो टेबलावर सांडलेला पोह्याचा एक दाणा बोटानं इकडून तिकडे सरकवत होता. "मला वाटलं, दोन्हीसाठी असेल."

"नव्हतं. गिरीश, ऐक. नीट ऐक, मध्ये बोलू नकोस. मला मूल नको होतं. तेव्हाही नको होतं. झालं नाही याचं मला कधी वाईट वाटलं नाही, बरं वाटायचं. मी ते सांगितलं नाही, तूही विचारलं नाहीस, तू तिकिटं काढून आलास. आता लोक माझ्या घरात दुःख आहे म्हणून ते उचलायला मदत करायला येतात, आणि दार तू उघडून देतोस. ही पिल्लं मला हवी आहेत. ती कुणाच्या जागी नाहीत. जागा रिकामी नव्हतीच. मला हवी आहेत आणि दोनच सांभाळता येतील, म्हणून दोन."

आवाज चढला नव्हता तिचा. बाहेर कुणाचा तरी कुत्रा भुंकत होता, शेजाऱ्यांनी कचऱ्याचा डबा फरफटत नेला. गिरीश तिच्याकडे बघत होता, घरात एखादी खोली इतकी वर्षं होती आणि आपण तिचं दार भिंत समजलो असं बघतात तसा. मग म्हणाला, "आणि मला हवं होतं, सुलू."

"माहीत आहे मला."

"मला अजूनही कधी कधी..." त्यानं वाक्य सोडून दिलं.

तिला त्याचा हात धरावासा वाटला, आणि तिनं धरलाही. पण सॉरी म्हणाली नाही. तो शब्द अगदी ओठापाशी आला होता, नेहमीच्या जागेवर जाऊन बसायला निघाला होता, आणि तिनं त्याला बसू दिलं नाही. "त्याचं मला वाईट वाटतं," ती म्हणाली. "खरंच वाटतं. पण ते तुझं दुःख आहे. तू ते तुझं म्हणून सांग मला, मी ऐकेन, हवं तितकं ऐकेन. माझं म्हणून मंडळात वाटू नकोस."

गिरीशनं मान हलवली. हो म्हणून की नुसतीच, ते समजलं नाही. त्याचे डोळे भरले होते आणि या वेळी कांदा नव्हता. तिनं पाहिलं की हा माणूस इतकी वर्षं तिला सांत्वन देत होता ते त्याला स्वतःला हवं होतं, आणि तिनं ते घेत राहून त्याला कधी मिळू दिलं नाही. हेही खरं होतं. त्यामुळे तिचं म्हणणं खोटं होत नव्हतं. दोघं तशीच हात धरून बसली, पोहे निवत गेले. बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला, मग दार लावल्याचा. खिडकीतून गेथिन दिसला, कोटाच्या आत, छातीशी, एक कापडी पिशवी जपून धरलेला, थंडी लागू नये म्हणून.

सुलक्षणा उठली. गिरीशनं तिचा हात सोडला नव्हता.

"दोनच का?" तो म्हणाला. "तिसरं मी सांभाळीन. माझं म्हणून. तीन ठेव ना, सुलू."

त्यानं आजवर तिच्याकडे मूल म्हणून जे कधी सरळ मागितलं नव्हतं ते आता मागितलं होतं, आणि ते देणं तिच्या हातात होतं, एका अंड्याइतकं सोपं. बेल वाजली. या घरात सापाची विष्ठा कोण काढतं, काचेखालची चटई कोण तपासतं, आठ वर्षांत गोदेला त्यानं किती वेळा हातात घेतलं, हे दोघांनाही ठाऊक होतं. तिनं त्याच्या केसांवरून हात फिरवला, कानामागे पांढरे झाले होते तिथे.

"नाही," ती म्हणाली, आणि दार उघडायला गेली.